लोनी ग्रेचनंच लिहिलं

ट्रॉयला मारायचं असलं की तो आधी लोनीचा स्पीकर बंद करायचा. रीतच होती त्याची. लोनीच्या खुर्चीच्या पाठीला काळा डबा लावलेला होता, त्याचं बटण फिरवायचं, खांद्यावर थोपटायचं आणि म्हणायचं, "महाराज, आता जरा गप बसा हं." मग सावकाश मरीटाकडे वळायचं. नालायक माणूस! बायकोवर हात टाकताना घाई नाही, संकोच नाही. हातातली बिअर आधी नीट फ्रिजवर ठेवायचा, सांडू नये म्हणून.

बायको तरी कसली, लग्न कुठं झालं होतं? मरीटा ग्रेच आपल्या बापाच्या घरात राहत होती आणि हा तिच्या जिवावर येऊन बसला होता. लोनी तिचा धाकटा भाऊ. एके काळी वॅरीगल फ्लॅट गावच्या रग्बी संघाचा पुढच्या फळीतला गडी. आठवडाभर ऊसतोडणीचं मशीन चालवायचं आणि शनिवारी समोरच्याला मैदानात गाडायचं, हे त्याचं आयुष्य. चौतिसाव्या वर्षी मेंदूत झटका आला आणि डोळे तेवढे हलते राहिले. बाकीचा लोनी आत अगदी शाबूत होता. फक्त बाहेर यायला वाट उरली नव्हती.

वाट करून दिली ती या मशीननं. खुर्चीच्या दांड्यावर पडदा, पडद्याखाली डोळे टिपणारा कॅमेरा. पडद्यावर मोठाले चौकोन, आणि ज्या चौकोनावर नजर टेकवून ठेवली तो दाबला जायचा. अक्षरं होती, तसंच व्हॉट्सॲप, फेसबुक, बँक, पिझ्झावाला, सगळं जगच चौकोनांत बसवलेलं. लोनी त्यावरून रेफरींना शिव्या घालायचा, मित्रांच्या पोरांना वाढदिवसाचे केक धाडायचा, जुन्या संघाच्या ग्रुपवर सगळ्यांची उडवायचा. ट्रॉयनं यातलं काहीच कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्याच्या लेखी ते मशीन म्हणजे लोनीचं तोंड. तोंड बंद केलं की माणूस बंद, एवढीच त्याची अक्कल.

त्या रविवारी दुपारी कारखान्याचा गळीत हंगाम जोरात होता. काकवीचा वास खिडकीच्या काचपट्ट्यांतून आत येत होता. मरीटा ओट्याशी सशाचा रस्सा ढवळत होती. पाठ न वळवताच ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आम्ही टाउन्सव्हिलला जातोय. कॉन्सेटामावशीकडे."

"आम्ही म्हणजे कोण कोण?" ट्रॉयनं विचारलं.

"मी आणि लोनी."

"किती दिवस?"

मरीटानं डाव खाली ठेवला. "दिवस नाही, ट्रॉय. कायमचं. बापाचं घर विकायला काढलंय मी. तू तुझं बघ."

किती दिवस घोकलं असेल बिचारीनं ते वाक्य! लोनीला ते पाठ होतं, कारण दोघांनी मिळूनच ते बांधलं होतं, ती बोलत होती आणि तो पडद्यावर शब्द बदलत होता. पण त्या दोघांचं ठरलं होतं की हे फोनवरून सांगायचं, टाउन्सव्हिलला पोचल्यावर. आज तिला काय धीर सुटला की काय धीर आला, देव जाणे.

"असं का?" ट्रॉय उठला. बिअर फ्रिजवर ठेवली. लोनीमागे आला, बटण फिरवलं. "महाराजांना विचारलंस का? त्यांना माझ्याशिवाय करमेल का?" आणि खांद्यावर दोनदा थोपटलं.

मग त्यानं ओट्याखालचा जड ड्रॉवर ओढला, मरीटाचं मनगट पकडून तिची बोटं कडेवर ठेवली आणि कमरेनं धक्का देऊन ड्रॉवर बंद केला.

तो आवाज लोनीच्या दातांत गेला. मरीटा ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढला. ट्रॉयनं ड्रॉवर पुन्हा उघडला. "घर विकतेस? घे, सही कर आता." आणि पुन्हा धक्का. या वेळी ती ओरडली.

लोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय त्याचे नसल्यासारखेच होते, पण आग तिथूनच आली, अगदी खरी. एवढी वर्षं त्यानं कानाखालच्या चापट्या पाहिल्या होत्या, केस ओढलेले पाहिले होते. आज ट्रॉयचा चेहरा शांत होता, आणि तेच वाईट होतं. आज हा तिला जिवंत सोडणार नाही, हे लोनीला कळून चुकलं.

पोलिसांना फोन लावायचा तर बोलावं लागतं, आणि बोलायचा डबा तर मुका करून ठेवलेला. शिवाय पोलिसांचा अनुभव होता. मागच्या हिवाळ्यात त्यानं त्यांना ईमेल धाडला होता. दोघे आले. मरीटा म्हणाली, धुण्याच्या खोलीत पाय घसरला. एकानं लोनीकडे बोट करून ट्रॉयला विचारलं, "ह्याला कळतं का काही?" ट्रॉय हसून म्हणाला, "मशीन असंच काहीबाही बडबडतं हो." चहाबिस्किटं खाऊन दोघे निघून गेले, आणि पोलिसांची गाडी वळणापलीकडे जाताच मरीटाची बरगडी मोडली.

लोनीनं व्हॉट्सॲपच्या चौकोनावर नजर रोवली. जुन्या संघाचा ग्रुप उघडला. संघातले बरेचसे या वेळी क्लबमध्येच असणार, जवळच, रुळांच्या पलीकडे, सामना बघत. एकेक अक्षर डोळ्यांनी उचलायचं म्हणजे घाम फुटतो, म्हणून वर्षानुवर्षं तो शब्द वाचवून लिहायचा. 'मा' लिहिलं तर मशीननं आपल्या सभ्यपणानं पुढं 'माफ करा' काढून दिलं. माफ करा म्हणे! त्यानं ते ओलांडलं आणि पुढचं अक्षर घेतलं. ओट्याशी काहीतरी फुटलं. मान वळत नव्हती, आणि नजर वळवली तर अक्षर निसटणार, म्हणून त्यानं बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही.

'ट्रॉय मरीटाला मारतोय. या.'

एवढं पुरेसं होतं. नजर पाठवायच्या चौकोनाकडे निघाली होती. तेवढ्यात त्याला पडद्याच्या कडेवरून दिसलं की मरीटा जमिनीवर आहे आणि ट्रॉयनं तिच्या पोटात लाथ घातली. लोनीची नजर परत अक्षरांवर आली. कुणी भाग पाडलं नाही, चुकून लागलं नाही. त्यानं निवडून लिहिलं, 'मोडा त्याला.' आणि मग पाठवलं.

लगेच मूनीचा अंगठा आला. मूनी म्हणजे त्यांचा कप्तान, दारातून वाकून आत येणारा माणूस. लोनीला घरी आणलं तेव्हा पायऱ्यांवरून खुर्ची चढेना, तर यानंच चार गडी घेऊन एका दिवसात लाकडी उतार ठोकून दिला होता.

ट्रॉयनं रश्श्याचं भांडं उचललं होतं. उकळतं. मरीटा कोपऱ्यात सरकत म्हणत होती, "नको, नको, नाही जात मी, ट्रॉय, नाही जात."

"आता कसं शहाण्यासारखं बोललीस," ट्रॉय म्हणाला आणि तरी भांडं खाली ठेवेना.

उतारावर धाडधाड पावलं वाजली. जाळीचं दार बिजागरीसकट आत आलं, त्यामागून मूनी, त्यामागून स्पड आणि आणखी दोघं. ट्रॉय वळला आणि भांड्यातलं सगळं मूनीच्या छातीवर गेलं. मूनीनं भाजल्याची दखलही घेतली नाही. त्यानं ट्रॉयला गळ्याला धरून असा उचलला की ट्रॉयच्या चपला जमिनीवरच राहिल्या, आणि फ्रिजवर आपटला. फ्रिजवरची बिअरची बाटली फुटली.

"बायकांवर हात टाकतोस? ये, माझ्यावर टाक! टाक ना!"

ट्रॉयनं एक ठोसा मारला खरा, पण त्याच्यात दम नव्हता. त्यानंतर चौघांनी मिळून त्याची कणीक तिंबली. नाक फुटलं, दात फरशीवर सांडले. स्पडनं तोच ड्रॉवर ओढला, ट्रॉयचा हात आत घातला आणि लाथ मारून बंद केला. लोनीनं सगळं डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला बोलायचं, त्याला आनंद झाला! प्रत्येक ठोशाबरोबर आपलाच खांदा फिरतोय असं त्याला वाटत होतं. मार, मूनी, मार त्याला. अजून एक. माझ्याकडून एक.

मग ट्रॉयनं हात वर करायचं सोडलं.

लोनीला मैदानाचा अनुभव होता. पडलेला गडी डोकं झाकतो तोवर ठीक असतं. डोकं झाकायचं सोडलं की शिट्टी वाजायला हवी. इथं शिट्टी वाजवणारं कुणी नव्हतं. मूनी ट्रॉयच्या छातीवर बसून हाणत होता, एकदा डाव्यानं, एकदा उजव्यानं, आणि खालचं डोकं नुसतं इकडून तिकडे लोळत होतं.

"बस्स कर, मूनी! मरेल तो!" मरीटा किंचाळत होती. सुजलेल्या बोटांनी तिनं मूनीचा दंड धरला. मूनीनं न बघता कोपर मागं मारलं. ते तिच्या भुवईवर बसलं आणि ती शेगडीच्या कडेवर जाऊन पडली. मूनीला कळलंही नाही, कुणाला लागलं ते.

'पुरे,' लोनीनं लिहिलं. बोलायच्या चौकोनावर नजर टेकवली. डबा मुका. तो चालू असता तरी काय झालं असतं म्हणा! मशीनच्या त्या गोड, बातम्या दिल्यासारख्या आवाजाला ओरडता कुठं येत होतं? लोनीनं ग्रुप उघडला. 'पुरे.' पाठवलं.

चार विजारींच्या खिशांत चार फोन गुरगुरले.

'पुरे.' फोन पुन्हा गुरगुरले. त्याला दिसत होतं, मूनीच्या मांडीपाशी खिशातून उजेड येत होता. 'थांब.' 'मूनी थांब.' एकानंही खिशात हात घातला नाही, हात दुसऱ्या कामात होते. 'मरीटा पडली.' लिहिता लिहिता लोनीचे डोळे भरून आले, आणि कॅमेऱ्याला पाण्यातून बुबुळ सापडेना. पडद्यावरचा लाल ठिपका थरथरला, भलत्याच चौकोनांवर उड्या मारू लागला आणि गायब झाला. आता लोनीकडे काहीच नव्हतं. त्याचं तोंड बंद, अंग बंद, आता डोळेही गेले. समोरचं मात्र सगळं दिसत होतं, ओलं आणि पसरट.

थांबले ते शेजारणीनं बोलावलेल्या पोलिसांच्या गाडीच्या भोंग्यानं.

ट्रॉयला नेलं तेव्हा तो जिवंत होता. रुग्णवाहिकेतली बाई हलक्या आवाजात म्हणाली की कवटी फुटली आहे, पुढचं सांगता येत नाही. चौघांना बेड्या घालून भिंतीशी बसवलं. सार्जंट व्हिटाकर नावाची पिकल्या केसांची बाई मूनीचा फोन हातात धरून ग्रुपवरचे मेसेज वाचत होती. वरून खाली एकदाच वाचलं आणि पहिल्यापाशी परत आली.

"'मोडा त्याला.' हे कुणी लिहिलं?"

"लोनीनं," मूनी म्हणाला. "वर नाव आहे की."

"नाव आहे, दिसतंय मला. मी विचारतेय लिहिलं कुणी?" तिनं खुर्चीकडे पाहिलं. लोनीची मान कलली होती, गालांवरून पाणी वाहत होतं, पडदा कोरा. "हे मशीन लावतं कोण? चालू कोण करतं?"

"मी," मरीटा म्हणाली. ती जमिनीवरच बसली होती, भुवईला कापूस लावून.

"मग त्याच्या नावानं तुम्ही लिहिलंत."

लोनीला वाटलं आता मरीटा चवताळून उठेल. या एका गोष्टीवरून ती जगाशी भांडत आली होती. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, 'ह्याला काय हवंय?' असं कुणी तिला विचारलं की ती म्हणायची, त्याला विचारा, तोंड वळवा तिकडे. आज तिनं सार्जंटबाईकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि म्हणाली, "हो. मीच लिहिलं."

"मरीटा, खोटं काय बोलतेस!" मूनी ओरडला.

"तू गप रे! मी लिहिलं. घ्या मला."

सार्जंटबाईनं मान हलवली आणि शिपायानं कमरेच्या बेड्या हातात घेतल्या. बोटं इतकी सुजली होती की मनगटाला हात लागताच मरीटा कळवळली. लोनी आतल्या आत फुटत होता. आयुष्यभर बापाचं झाकलं हिनं, मग ट्रॉयचं झाकलं, आता माझं झाकतेय! ही तुरुंगात गेली तर मग हे सगळं केलं कुणासाठी? तो डोळे मिचकावत होता, पण पाणी हटेना, ठिपका येईना.

"त्याचे डोळे पुसा!" मूनी भिंतीशी बसल्या बसल्या गरजला. "अहो बाई, आधी डोळे पुसा त्याचे, आणि मग बघा कोण लिहितं ते!"

सार्जंट व्हिटाकर क्षणभर घुटमळली. मग तिनं ओट्यावरचा कागद फाडला आणि लोनीच्या पापण्या टिपल्या, आधी एक, मग दुसरी. कलती मान सरळ केली. पडद्यावर लाल ठिपका उमटला, हलला आणि स्थिर झाला. ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीशी बांधून, आणि बघत राहिली. एकेक अक्षर येत होतं.

'मी लिहिलं.'

शेवटी पाठवायचा चौकोन दाबला गेला आणि तिच्याच हातातला मूनीचा फोन गुरगुरला. बाईनं दचकून फोनकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

'मरीटा नाही. "मोडा" हा माझा शब्द.'

"आणि हे?" तिनं फोन वर सरकवला. "पुरे, पुरे, थांब, मूनी थांब. हेही तुम्हीच?"

लोनीनं डोळे वर उचलले. हो म्हणायची त्याची ती खूण होती.

मूनीचं तोंड पांढरं पडलं. "थांब म्हणत होतास?" तो म्हणाला. "खिशात वाजत होता रे फोन. कळत होतं मला, तूच आहेस ते. मला वाटलं, तू जोर देतोयस. अजून मार म्हणतोयस." बोलता बोलता तो हुंदके देऊ लागला. बेड्यांमुळे त्याला तोंडही झाकता येईना.

सार्जंटबाईनं वाकून डब्याचं बटण फिरवलं. मग ती लोनीच्या समोर आली, टोपी सरळ केली आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलू लागली. "मिस्टर ग्रेच, तुम्ही काही बोललंच पाहिजे अशी सक्ती तुमच्यावर नाही. पण जे बोलाल ते नोंदवलं जाईल आणि कोर्टात पुरावा म्हणून धरलं जाईल. कळलं?"

झटका आल्यापासून त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. नवं कुणी आलं की ते त्याच्याशी मोठ्यानं, बाळाशी बोलल्यासारखं बोलायचं, नाहीतर त्याच्या डोक्यावरून बोलायचं.

"नाही!" मरीटा शिपायाला हिसडा देऊन पुढं आली. "त्याला नाही कळत! त्याचं काय घेऊन बसलात तुम्ही? मशीन असंच लिहितं काहीबाही, आपोआप येतात शब्द! बाई, मी सांगते ना, त्याला काही समजत नाही! लोनी, खाली बघ. खाली बघ रे राजा, काही लिहू नकोस. ऐक माझं."

सार्जंटबाई थांबली. तिला काही घाई नव्हती. लोनीनं नुसती नजर खाली टाकली असती तरी चाललं असतं. बिचारा, त्याला काय कळतंय, असं म्हणून सगळ्यांनी त्याला तिथंच सोडलं असतं, स्वच्छ, निर्दोष, एखाद्या खुर्चीसारखा. पण मग तो 'मोडा' कुणाच्या तरी माथी बसणारच होता, आणि मरीटाचे हात तर आधीच पुढं केलेले होते.

त्यानं बहिणीकडे एकदा नीट पाहिलं. तिची भुवई चिरलेली होती, बोटं निळी पडली होती आणि ती रडत मान हलवत होती, नको, नको. तिचं ऐकावं असं त्याला फार वाटलं.

मग त्यानं नजर पडद्यावर आणली आणि अक्षरं उचलली. या वेळी आवाज चालू होता, आणि मशीननं ते खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं.

"कळलं. लिहून घ्या."